पदवीवाचून चांगली कमाई : कृष्णा-कोयनाकाठचा अनुभव

महाराष्ट्र शासनाच्या वेतनश्रेणी शेजारी शेजारी ठेवल्या की शिक्षण आणि कमाई यांचे नाते वाटते तितके सरळ नाही, हे उघड होते. लिपिक-टंकलेखक व्हायला पदवी लागते आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्या पदाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते. तलाठ्यालाही पदवी लागते. तिथे सुरुवात २५,५०० रुपयांची. शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेला बारावीनंतरची तीन वर्षांची जीएनएम पदविका पुरते. तिचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका पुरते. त्याची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपयांची. पदवी घेऊन लागलेल्या लिपिकापेक्षा पदविकेवर लागलेल्या अभियंत्याचे मूळ वेतन पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट असते. कराड तालुक्यात दहावीचा निकाल लागला की घरोघरी पुढच्या शिक्षणाचा खल होतो, त्यात हे आकडे क्वचितच कुणी मांडते. ते मांडले गेले पाहिजेत.

पदवीवाचून म्हणताना मुख्यतः अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेली चार वर्षांची ऑनर्स पदवी डोळ्यांपुढे आहे. चांगली कमाई म्हणजे आजच्या पदवीधराला कचेरीत सुरुवातीला जे मिळते त्याहून अधिक, आणि अनुभवागणिक वाढत जाणारी. अशी कमाई देणारी कामे कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात नवीन नाहीत. ती कुठे आढळतात हे नीट पाहिले तर दोन अटी वारंवार दिसतात. पहिली, त्या कामात झालेली चूक फार महाग पडते. दुसरी, चूक न करणारा माणूस कोणता हे परक्यालाही ओळखता येते: दाखल्यावरून, परवान्यावरून किंवा सर्वांसमक्ष होणाऱ्या कसोटीवरून. पहिली अट असून दुसरी नसेल तर तेच कौशल्य मजुरीच्या भावाने विकले जाते. या भागातली कामे एकेक करून तपासली तर हे पटते.

सुरुवात गुऱ्हाळापासून करणे योग्य, कारण कराडच्या परिसरात उसाचे पैसे होण्याची ती सर्वांत जुनी जागा आहे. गुऱ्हाळावर ऊस तोडणारे, चरकात घालणारे, चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या आणि काहिलीवर उभा असणारा गुळव्या अशी माणसे असतात. रस काहिलीत आला की त्यात चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पुढे रस आटत जातो, फेसाचा रंग बदलतो, बुडबुडे लहान होतात. १०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी असते. ढेपेचा गूळ व्हायला तापमान ११८ अंशांच्या जवळपास जावे लागते. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहील उतरवायची की नाही हे ठरवतो. उतरवायला उशीर झाला तर गूळ काळपट आणि करपट होतो. घाई झाली तर ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. दोन्हीकडे अख्खे आदण बिघडते आणि बाजारात भाव पडतो. म्हणूनच गुऱ्हाळावर सर्वांत जास्त पैसे गुळव्याला मिळतात आणि हंगामाच्या आधी नामवंत गुळव्याला उचल देऊन अडकवून ठेवण्याची पद्धत पडली. मात्र त्याचे नाव चार-दहा गावांपलीकडे जात नाही. हंगाम संपला, गाव बदलले की तो पुन्हा शेतमजूर. त्याच्या नजरेचा पुरावा फक्त ढेपेत असतो, आणि ढेपेवर त्याचे नाव नसते.

साखर कारखान्यात याच कौशल्याचा दुसरा अवतार दिसतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, कुंडलचा क्रांती: कराडहून तासा-दीड तासाच्या अंतरात इतके सहकारी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांत पॅनमन हे पद फार मोलाचे आहे. बाष्पीभवन होऊन घट्ट झालेला पाक निर्वात पॅनमध्ये घेतात. आतली हवा काढून घेतल्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांच्या आसपासच उकळतो, साखर जळत नाही. पाक योग्य तितका घट्ट झाला की त्यात बारीक साखरेचे बी सोडायचे आणि त्या दाण्यांवर साखर चढू द्यायची. पाक जरा जास्त घट्ट झाला तर मध्येच नवे बारीक दाणे आपोआप तयार होतात. मग दाणा एकसारखा राहत नाही, सेंट्रिफ्यूगल यंत्रात मळी नीट सुटत नाही आणि साखर मळीबरोबर निघून जाते. पॅनमन प्रूफस्टिकने नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो, अंगठा आणि तर्जनीत तार ओढून पाहतो. आता पॅनवर मापक यंत्रे आणि संगणकी नियंत्रण बसू लागले आहे, तरी बी सोडण्याचा क्षण बहुतेक ठिकाणी माणूसच ठरवतो. या माणसाला पदवी लागत नाही. मात्र गुळव्याला नसलेली एक गोष्ट त्याला आहे. साखर कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीच्या करारांनी ठरते आणि त्यात पदांची श्रेणी लिहिलेली असते. हंगामी असला तरी बिगरहंगामात रिटेन्शनची रक्कम मिळते. मांजरी येथे १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली आणि पुढे वसंतदादा पाटलांचे नाव मिळालेली संस्था साखर उद्योगातल्या कामांचे प्रशिक्षण देते. रेठऱ्याचा पॅनमन त्यामुळे कर्नाटकात किंवा उत्तर प्रदेशात पॅनमन म्हणूनच ओळखला जातो.

त्याच कारखान्यात पॅनपासून काही अंतरावर बॉयलर असतो आणि तिथे दाखल्याचे मोल आणखी स्पष्ट होते. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून कारखान्यांनी चौरस सेंटिमीटरला ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबाचे बॉयलर बसवले. अशा बॉयलरमधले पाणी कमी झाले आणि ते वेळेत कळले नाही तर नळ्या फुटतात, माणसे मरतात. म्हणून १९२३ च्या भारतीय बाष्पक कायद्यापासूनच नियम असा की प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही. २०२५ मध्ये नवा कायदा आला, तरी हे तत्त्व कायम आहे. राज्याचे बाष्पके संचालनालय दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा घेते. आधी हाताखाली काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, मग परीक्षेत पाणीपातळीची काच, सुरक्षा झडप, फीड पंप यांबद्दल खोदून विचारतात. हे प्रमाणपत्र मिळवलेला माणूस साखर कारखान्यात, दूध संघात, कापड गिरणीत, औषधांच्या कारखान्यात, मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कुठेही लागू शकतो. तो गैरहजर असेल तर बॉयलर कायद्याने बंद ठेवावा लागतो, आणि त्याच्या पगाराला बळ मिळते ते इथूनच.

कसोटी सर्वांत उघडी असलेला धंदा मात्र या खोऱ्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत वाढला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे खटाव, माण या तालुक्यांत पाऊस कमी, शेती बेभरवशाची. इथल्या तरुणांनी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा धरला आणि केरळपासून पंजाबपर्यंत, बंगाल-आसामपासून थेट नेपाळपर्यंत सराफ बाजाराच्या गल्ल्यांत दुकाने थाटली. विटा हे या धंद्याचे माहेर. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत मराठीत बोलणारा भट्टीवाला भेटतो, तो बहुधा याच तालुक्यांतला असतो.

गलाईचे काम समजून घेण्यासारखे आहे. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला केर, घासणीतली धूळ, डाग लावलेले तुकडे यांत सोन्याबरोबर तांबे, चांदी, जस्त मिसळलेले असते. त्यातून शुद्ध सोने वेगळे काढायचे असते. सोने नुसते तेजाबात टाकले तर चांदी आत अडकून राहते. म्हणून आधी एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग चांदी मिळवून मुशीत वितळवतात, पातळ पत्रा किंवा दाणे करतात आणि मग नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी आणि तांबे आम्लात विरघळतात, सोने तपकिरी भुकटीच्या रूपात खाली उरते. ती भुकटी धुऊन टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळे सोने मिळते. आम्लात गेलेली चांदीही सोडायची नाही: त्या द्रावणात तांब्याचे पत्रे ठेवले की चांदी त्यांवर सुटून येते. प्रत्येक टप्प्यावर वजन होते. केर जाळून त्याच्या राखेतूनही सोने काढतात, आणि तिथे किती निघेल याचा अंदाज आधीच बांधून सौदा करावा लागतो. अंदाज चुकला तर तोटा गलाईवाल्याचा.

या धंद्यात शिरण्याची वाट शाळेच्या दाखल्यावरून जात नाही. भावकीतल्या किंवा पाहुण्यांतल्या कुणाच्या तरी दुकानात पोरगा जातो. सुरुवातीला राहणे-जेवणे आणि थोडे हातखर्चाचे पैसे. भट्टी पेटवणे, मुशी धुणे, झाडलोट. पुढे वितळवणे, मग आम्लाचे काम, सर्वांत शेवटी टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढणे. मालकाला त्याचा हात आणि त्याची नियत, दोन्हींची खात्री पटली की तो भागीदार होतो किंवा दुसऱ्या गावात स्वतःची भट्टी टाकतो. परप्रांतातला सराफ त्याला ओळखत नसतो, पण सोन्याचा कस दोघांच्या डोळ्यांदेखत निघतो. वजन आणि टंच जुळले की जातपात, भाषा, शिक्षण काही विचारले जात नाही. दुष्काळी गावांतले पक्के वाडे, शाळांना आणि देवळांना मिळालेल्या देणग्या, जत्रेला परराज्यांच्या नंबरांच्या गाड्यांची गर्दी ही या पैशाची दिसणारी खूण. या भागाच्या आर्थिक इतिहासात गलाईला जितके मानाचे स्थान हवे तितके अजून मिळालेले नाही.

कसोटीचे साधन आता बदलत आहे. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक लागतो. क्ष-किरणांच्या यंत्रावर टंच काही मिनिटांत कळतो. पूर्वी नजरेला आणि कसोटीच्या दगडाला जो भाव होता तो आता मान्यताप्राप्त परीक्षण केंद्राच्या कागदाकडे वळतो आहे. ज्या घरांतली पुढची पिढी या केंद्रांत परीक्षक म्हणून किंवा आधुनिक शुद्धीकरणात उतरली, त्यांची कमाई टिकेल. फक्त मूस आणि तेजाब यांवर राहिलेल्यांची घटेल. आम्लाच्या तपकिरी धुराने फुप्फुसांचे जे नुकसान होते त्याचा हिशेब या धंद्याने कधी नीट मांडला नाही. धुराची त्याच वेळी फारशी जाणीव होत नाही, त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. कोंदट खोलीत भट्टी लावणाऱ्या मुलांना हे सांगितले गेले पाहिजे.

पश्चिमेकडच्या गावांत कारखानदारीने वेगळी शाळा काढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. रंग ओळखण्यात दोष असल्याने ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर कुंडल रोड स्थानकाजवळ १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, तरी कल्पक अभियंता म्हणून नावाजले गेले. कराडजवळ १९१६ साली ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला; तिथल्या प्रभाकर कंदिलाने गावोगावची घरे उजळली आणि त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले. ओगले, किर्लोस्कर आणि साताऱ्याचे कूपर या तिन्ही उद्योगांशी कर्मवीर भाऊराव पाटलांचा विक्रेता म्हणून संबंध आला. कराड तालुक्यातल्या काले येथे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे कमवा व शिका ही योजना रुजवली. हाताच्या कामाला शिक्षणाच्या बरोबरीचे स्थान देणारा विचार याच मातीत वाढला.

या कारखान्यांतला साचेकार, मोल्डर, फिटर, काच फुंकणारा कारागीर आपापल्या जागी तरबेज होता. लाकडी साचा करणाऱ्याला ओतीव लोखंड थंड होताना किती आकसते हे धरून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. तो हिशेब चुकला की शेकडो ओतकामे भंगारात. पण या कौशल्याची साक्ष कारखान्याच्या भिंतींच्या आतच राहत होती. ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला, तेव्हा भट्टीवरच्या हातांना दुसरीकडे त्याच भावाने नेणारा कागद नव्हता.

तो कागद देण्याची व्यवस्था स्वातंत्र्यानंतर आली. १९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयटीआय, उभ्या राहू लागल्या. १९५६ मध्ये राष्ट्रीय परिषद नेमून देशभर एकच परीक्षा आणि एकच प्रमाणपत्र झाले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे व्यवसाय दहावीनंतरचे. वेल्डर एका वर्षाचा आणि आठवी उत्तीर्णालाही खुला.

आयटीआयचे प्रमाणपत्र हे दार आहे, आणि दारापाशीच थांबलेल्याला चांगली कमाई मिळत नाही. पालकांची सर्वांत मोठी निराशा इथेच होते. औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत लागलेला आयटीआय फिटर आणि बिगरशिक्षित मदतनीस यांच्या पगारात फारसा फरक नसतो. फरक पडतो तो प्रमाणपत्रावर दुसरा, अधिक कठीण दाखला चढवल्यावर. वेल्डरचेच पाहावे. फाटक आणि खिडकीच्या जाळ्या जोडणारा वेल्डर रोजंदारीवर राहतो. तोच बॉयलरच्या नळ्या जोडण्याची परीक्षा देतो तेव्हा त्याला ४५ अंशांत तिरका, न फिरणारा पाइप जोडून दाखवावा लागतो: खालून, वरून, बाजूने, स्वतः वाकून आणि आडवे होऊन. जोडाचा एक्स-रे काढतात. आत टाचणीच्या टोकाएवढी हवा राहिली तरी दिसते. उत्तीर्ण झालेल्या वेल्डरला प्रमाणपत्र मिळते, ते ठरावीक मुदतीने पुन्हा सिद्ध करावे लागते. कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प शटडाऊनच्या वेळी असे वेल्डर शोधत असतात आणि आखाती देशांतही त्यांना मागणी आहे. दोन्ही वेल्डरांच्या हातात होल्डर सारखाच असतो, शाळाही कदाचित एकच असते.

विजेच्या कामात हीच पायरी वायरमनच्या आणि त्यावरच्या पर्यवेक्षकाच्या परवान्याची. परवानाधारकाच्या चाचणी अहवालाशिवाय नव्या इमारतीला वीजजोडणी मिळत नाही, म्हणून ठेकेदाराला तो लागतोच. महावितरणमध्ये आयटीआय झालेला उमेदवार विद्युत सहाय्यक म्हणून लागतो आणि तीन वर्षांच्या मानधनानंतर तंत्रज्ञ होतो. कोयनेच्या वीजगृहांतून १९६२ पासून वीज वाहते आहे. चारही टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांत अशा तंत्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा उंच मनोऱ्यावर चढून गिअरबॉक्स आणि पाती तपासणारा तंत्रज्ञ हे नवे काम तयार झाले.

रेल्वेचे उदाहरण कराडकरांच्या नजरेसमोरचे आहे. सहायक लोको पायलट व्हायला दहावी आणि ठरलेल्या व्यवसायातले आयटीआय, किंवा अभियांत्रिकीची पदविका पुरते. मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, लिपिकाइतकेच. पण त्यावर धावत्या किलोमीटरचा भत्ता असतो आणि मेल-एक्स्प्रेसचा लोको पायलट होईपर्यंत मूळ वेतनाची पातळी ३५,४०० वर जाते. डोळ्यांची सर्वांत कडक वैद्यकीय कसोटी आणि संगणकावरची मानसशास्त्रीय परीक्षा यांतून पार पडल्याशिवाय इंजिनात पाय ठेवता येत नाही. हजारभर प्रवाशांची जबाबदारी ज्या माणसावर आहे त्याला निवडताना रेल्वे पदवी विचारत नाही, नजर आणि अवधान विचारते, आणि ते योग्यच आहे.

आरोग्यसेवेत दाखल्याचा फरक एकाच इमारतीत पाहायला मिळतो. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि तिथे परिचारिकांच्या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. कराडला कृष्णा रुग्णालयाने गेल्या चार दशकांत मोठे वैद्यकीय केंद्र उभे केले. जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. त्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, म्हणून शासकीय सेवेत आणि परदेशांत तिला ठरलेले स्थान आहे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची गोष्ट निराळी. डीएमएलटी ही पदविका केलेली व्यक्ती रक्ताचा नमुना घेते, तपासते, यंत्र सांभाळते. चूक तिथेही जिवावर बेतते. पण अहवालावर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. रुग्णाच्या हिताचा तो निर्णय होता. पण सही दुसऱ्याची असल्यामुळे खासगी प्रयोगशाळांत तंत्रज्ञाचा पगार खालीच राहिला. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याने नोंदणीची वाट आखली आहे. ती प्रत्यक्षात आली की या वर्गाचे मोल वाढायला हवे.

इतके मार्ग असताना ओढा पदवीकडे का राहिला, याला इतिहास आहे. १९६० साली कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हा अशी महाविद्यालये राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. स्वतः वसंतदादांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. खेड्यातल्या मुलाला अभियंता होता यावे ही त्यांची तळमळ खरी होती आणि तिचे फळ असंख्य घरांना मिळाले. पुढे जागा इतक्या वाढल्या की पदवीची ओळख पटवण्याची ताकदच कमी झाली. पदवीधर अभियंते आज पदविकेच्या पदांसाठी अर्ज करतात. शासनही नकळत जुनी उतरंड जपते: २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, काम कोणते, याला त्यात जागा नाही. लग्न जुळवताना मुलगा काय शिकला हा प्रश्न आधी येतो, काय करतो हा नंतर.

पदवीची वाट सोडली म्हणजे ती कायमची बंद झाली, हा समजही दूर व्हायला हवा. आयटीआय पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. बारावीच्या स्पर्धेतून न जाता अभियंता होण्याचा हा मार्ग आहे, आणि तोवर हातात एक कमावता दाखला असतो. ऐपत बेताची असलेल्या घराला ही क्रमवारी अधिक सुरक्षित आहे.

परदेशाचे दार याच कामांना उघडते आहे. जर्मनीत शाळा संपल्यावर कारखाना आणि व्यवसायशाळा यांत आठवडा वाटून शिकण्याची पद्धत १९६९ च्या कायद्याने पक्की झाली, आणि तिथला प्रमाणित कारागीर समाजात मान राखून आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक असे व्यवसाय त्यात आहेत. अडचण कौशल्यापेक्षा भाषेची आहे. परिचारिकेला जर्मन भाषेची वरची पातळी गाठावी लागते, त्यासाठी वर्ष-दीड वर्षाचा नेटाचा अभ्यास लागतो. परदेशी पाठवतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या दलालांपासून जपून राहावे लागते; परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या संस्थाच अशी भरती करू शकतात.

या कामांची किंमत शरीर मोजते. वेल्डरचे डोळे आणि फुप्फुसे, ओतशाळेत सिलिकाची धूळ, वीजतारांवरचे अपघात, लोको पायलटची रात्रपाळी, परिचारिकेची कंबर. कायम नोकरीत याची काहीतरी भरपाई असते. कंत्राटी कामगाराला राज्य कामगार विमा आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो की नाही हे आधी तपासावे लागते. चांगल्या कमाईचा हिशेब यांशिवाय पुरा होत नाही.

मुलींचा प्रश्न यात सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण त्या शिवणकाम, सौंदर्योपचार, संगणक अशा थोड्या व्यवसायांकडे झुकतात आणि नेमकी तीच कामे कमी पैशांची आहेत. इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, उपकरण दुरुस्ती यांत अंगबळापेक्षा नेमकेपणा लागतो. सीएनसी यंत्रावर काम लावणे, मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर तपासणे, आरेखन करणे या कामांत मुलींना अडवणारे कारण कामाच्या पाळीची वेळ, जाण्यायेण्याची सोय आणि कारखान्यातले स्वच्छतागृह एवढेच असते. ती सोय करणे कारखानदाराच्या हातात आहे.

कामाच्या उत्तरार्धाचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. पंचेचाळिशीनंतर मनोऱ्यावर चढणे किंवा पाइपाखाली आडवे पडणे जमत नाही. त्या वयात कमाई टिकवणाऱ्या वाटा ठरलेल्या आहेत: वायरमनने पर्यवेक्षकाचा आणि ठेकेदाराचा परवाना काढणे, वेल्डरने जोड तपासणाऱ्याचे प्रशिक्षण घेणे, दुसऱ्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटने पहिल्या वर्गाची परीक्षा देणे, पॅनमनने पॅन इनचार्ज होणे. आयटीआयमध्ये निदेशक व्हायला एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे, आणि अनेक संस्थांत निदेशकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त असतात. तिथे पंचवीस वर्षे कारखान्यात घालवलेल्या माणसाची गरज आहे, कारण वेल्डिंगच्या जोडात हवा का राहते हे पुस्तकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.